माफिया २ चा शेवट खरंच एवढाच आहे, की माझ्या कॉपीत काही राहिलंय?

तुमच्या कॉपीत काहीच राहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंय की गेम मित्राच्या पेन ड्राइव्हवरून घेतला, शेवटी दोन गाड्या निघाल्या, नायक व्हिटोचा मित्र जो याची गाडी भलतीकडेच वळली आणि लगेच नावं सुरू झाली, म्हणून एखादी फाइल सुटली असेल अशी शंका आहे. फाइल सुटलेली नाही, शेवट तेवढाच आहे. पैसे मोजून घेतलेल्या गेममध्येही तेच दिसतं. (ज्यांनी अजून खेळला नसेल त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळंच सांगणार आहे.)

आणि ही शंका तुम्हाला एकट्यालाच आलेली नाही. २०१० साली गेम आला तेव्हा आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये तो चालेल असं ग्राफिक्स कार्ड एकाच घरात होतं, त्यामुळे सगळ्यांचा अड्डा तिथेच. शेवट बघून पहिलं वाक्य निघालं, "डीव्हीडी खराब निघाली रे." एक जण तावातावाने स्टेशनजवळच्या दुकानात बदलून आणायला गेला. दुकानदाराने डीव्हीडी हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाला, "माफिया ना? डिस्क बरोबर आहे. सगळे परत घेऊन येतायत."

आता हा शेवट खटकतो का, याबद्दल माझं मत. जो मरतो किंवा मरत असावा, याचं मला काही वाटत नाही. त्या धंद्यात तेच होणार. शेवट मोघम ठेवला तेही चालेल. माझी तक्रार वेगळी आहे. हा गेम सुरुवातीपासून सगळं तुमच्या हातून करून घेतो आणि नेमक्या शेवटच्या मिनिटाला तुमचे हात बांधून ठेवतो.

आठवून बघा. १९४५ मध्ये व्हिटो युद्धावरून घरी येतो, बापाने करून ठेवलेलं दोन हजार डॉलरचं कर्ज डोक्यावर. गोदीत काम मिळतं, ट्रकमध्ये पेट्या भरायचं. दुसऱ्या एखाद्या गेमने दोन सेकंदांत हे दाखवून संपवलं असतं. इथे एकेक पेटी तुम्हालाच उचलायची, जड पावलांनी ट्रकपर्यंत न्यायची, ठेवायची, परत यायचं. ना बंदूक, ना पाठलाग. थोड्या वेळात तुम्ही वैतागता, आणि काम अर्धवट टाकून चालू पडलात तर गेम अडवतही नाही. माणूस सरळ रस्ता का सोडतो यावर कुणी भाषण देत नाही, ते तुम्ही स्वतःच करून मोकळे होता. पुढे पेट्रोलची रेशनची कुपनं चोरल्यावर कळतं की ती रात्री बारापर्यंतच चालणार, मग या पंपावरून त्या पंपावर धावत ती खपवायची. तुरुंगात मुताऱ्या घासायच्या, त्याही तुम्हीच. आणि १९५१ मध्ये बाहेर आल्यावर तेच शहर, पण बर्फ गेलेलं, गाड्यांचे आकार बदललेले, रेडिओवर दुसरीच गाणी. सहा वर्षं गेली हे कुणी सांगावं लागत नाही.

गाडी चालवण्याची मजा तर वेगळीच. वेगमर्यादा ओलांडली की पोलीस मागे लागतात, म्हणून घोडबंदर रोडवर कुणी चालवत नाही इतक्या शिस्तीत आम्ही गेममधल्या एम्पायर बे शहरात गाडी चालवायचो. शहरात मोकळं फिरायला मात्र फारसं काही ठेवलेलं नाही, हे मान्य.

आणि शेवटाचं महत्त्व या लोकांना कळत नव्हतं असंही नाही. २००२ च्या पहिल्या माफियाचा शेवट ज्यांनी पाहिलाय त्यांना तो हिरवळीला पाणी घालणारा म्हातारा टॉमी एंजेलो आठवत असेल. दोन माणसं येतात, नाव विचारतात, गोळी घालतात. दुसऱ्या भागात एका कामगिरीवर तुम्ही जोबरोबर गाडीने एका शांत वस्तीत जाता, उतरता आणि समोर तीच हिरवळ. ते दोघे म्हणजे व्हिटो आणि जो! आमच्या अड्ड्यात त्या क्षणी कुणी आवाज केला नव्हता. आधीच्या भागाचा शेवट इतक्या हुशारीने वापरणाऱ्यांनी स्वतःचा शेवट असा उरकावा याचंच नवल वाटतं.

व्हिटो आणि जोचा साथीदार हेन्री टोमासिनो याचं उदाहरण घ्या. तो उशिरा जोडीला येतो, पुढे तो सरकारचा खबऱ्या होता असं ऐकायला मिळतं. तरी त्याचे तुकडे झाल्यावर व्हिटो आणि जो चिनी टोळीच्या अड्ड्यात घुसून हिशोब चुकता करतात, आणि तो हिशोब तुम्हीच करता. जो तर लहानपणापासूनचा दोस्त. शेवटी व्हिटो स्वतःचा जीव वाचवण्याच्या सौद्यात त्यांच्याच टोळीचा बॉस फाल्कोने याला मारायला तारांगणात जातो, तिथे फाल्कोने जोला बढतीचं आमिष दाखवतो, बंदूक व्हिटोवर धरलेली असते, तरी तो व्हिटोकडेच येतो. फाल्कोने मरतो. बाहेर तो सौदा ठरवणारा जुना माफिया लिओ गॅलांटे उभा. व्हिटो त्याच्या गाडीत, जो मागच्या गाडीत. मागची गाडी वळते, व्हिटो विचारतो, लिओ सांगतो की जो आपल्या सौद्यात नव्हता. संपलं.

या प्रसंगात तुम्ही फक्त बघे असता. मला लढाई नको होती. गाडीच्या दाराच्या हँडलसाठी एक बटण दाबायला दिलं असतं आणि दार उघडलंच नसतं, तरी पुरलं असतं. ज्या गेमने पेट्या उचलायला लावल्या त्याला हे सुचू नये?

२०१२ मध्ये मास इफेक्ट ३ या दुसऱ्या गेमच्या शेवटावरून लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा तो बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीने काही महिन्यांत वाढवलेला शेवट फुकट दिला. इथे तसं झालं नाही. 'जोज अॅडव्हेंचर्स' नावाचा जास्तीचा भाग आहे, पण नावावर जाऊ नका, तो व्हिटो तुरुंगात असतानाच्या काळातला आहे. २०२० मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन आली, चित्रं चकचकीत झाली, शेवट तसाच.

राहिला २०१६ चा तिसरा भाग. तो १९६८ मधला, न्यू बोर्डो नावाच्या शहरातला, नायकही वेगळा, लिंकन क्ले. त्यात व्हिटो आहे, वय झालेला, आणि जोचा विषयही निघतो. शिवाय लिओचा ड्रायव्हर जोसारखा दिसतो म्हणून चाहते अजून वाद घालतात. मी तो चेहरा थांबवून थांबवून बघितलाय, मला तो जोच वाटतो. तिसरा भाग घ्यायचाच असेल तर सेलमध्ये घ्या, मधला बराच भाग तेच ते अड्डे उद्ध्वस्त करण्यात जातो. आणि पेन ड्राइव्हवाल्या मित्राला उगाच शिव्या घालू नका.