खालची वाटी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू विकायला काढणार असलेल्या कालवांच्या (हॉटेलवाल्यांच्या भाषेत ऑयस्टर) पाकिटाचं लेबल पाहिलं. आधी नुसतंच पाहिलं, मग सुनेने मोबाइलवर मोठं करून दिलं तेव्हा चष्मा लावून वाचलं. होडी छान काढलीय, रंगही छान. खाली लिहिलंयस, ‘आजोबांपासून तीन पिढ्यांची परंपरा’. काकी, काय वाटतं, असं विचारलंस. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू ‘हो काकी, हो काकी’ करत राहतोस आणि माझं निम्मं बोलणं राहून जातं. म्हणून लिहितेय.

तुझे आजोबा डोल लावायचे, म्हणजे खाडीच्या वाहत्या पाण्यात बांधायचं मासे धरायचं जाळं. माणूस भला, खाडीची नस न् नस ठाऊक. पण कालवाला त्यांनी हात लावला तो फक्त ताटातल्या. कालवं तुझ्या आजीची. तिच्या आधी तिच्या सासूची. डोलीत काही सापडलं नाही की घरात जो पैसा यायचा तो तिच्या टोपलीतून. तुझ्या बाबांच्या शाळेची वह्या-पुस्तकं कालवं विकूनच आलीत, हे त्यांनाच विचार. होडी आजोबांच्या नावावर, मच्छीमार सोसायटीतला शेअर आजोबांच्या नावावर. आजीच्या नावावर काय होतं? एक कोयती. तेव्हा ‘आजोबांपासून’ हा शब्द काढ आणि होडीच्या जागी टोपली काढता आली तर बघ. लेबलाचं एवढंच.

परंपरेचं मात्र जरा जास्त आहे.

तुझी आजी आणि मी एकाच पाणंदीतून उतरायचो. लग्न होऊन आले तेव्हा मला कालव खडकावर दिसायचंसुद्धा नाही. सगळा खडप सारखाच, करडा, खडबडीत. ती म्हणायची, दगड बघू नको, कड बघ. दोन शिंपल्यांमधली ती वेडीवाकडी नागमोडी रेघ एकदा डोळ्याला सापडली की मग सगळीकडे कालवंच. कोयतीचं टोक बिजागरीपाशी घालायचं, मनगट एकदाच फिरवायचं, वरचं झाकण उडतं. आतला गर अलगद सोडवून भांड्यात टाकायचा. खालची वाटी, म्हणजे खालचा शिंपला, खडकाला चिकटलेली असते ती तशीच राहू द्यायची. मी नवी होते, जोर भारी, चार-पाच वेळा वाटीसकट उपटली. तिने काही न बोलता माझ्या हातातून कोयती काढून घेतली आणि त्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मला नुसतं भांडं धरायला लावलं.

तिने कारण सांगितलं नाही. तिलाही तिच्या सासूने सांगितलं नसणार. मला ते कळलं खूप वर्षांनी, कालवशेतीच्या प्रशिक्षणात. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत फिरतं. डोळ्यांना दिसायचंही नाही इतकं बारीक. मग त्याला बसायला टणक जागा लागते. बसलं की बसलं, जन्मभर तिथेच. आणि त्याला सगळ्यात आवडती जागा म्हणजे कालवाचाच जुना शिंपला. म्हणजे आपल्या सासवा ज्या वाट्या खडकावर ठेवून येत होत्या, त्यांत पुढच्या खेपेचं पीक येऊन बसत होतं.

आता तुझा बेत बघ. गोव्यातल्या हॉटेलांना अख्खी जिवंत कालवं द्यायची, शिंपल्यासकट. भाव चांगला मिळेल, नाही म्हणत नाही. पण अख्खं कालव गेलं की वाटीही गेली. पूर्वी लोकांनी शिंपले चुन्याच्या भट्टीला घातलेच. मुंबईतल्या चुनाभट्टीचं नाव उगाच पडलेलं नाही. तू ते गोव्याच्या कचऱ्यात घालणार. दोन-तीन वर्षांनी खडपावर जाशील तेव्हा गुळगुळीत दगड असेल आणि तू म्हणशील, हल्ली कालवंच येत नाहीत.

हॉटेलवाल्याशी बोलतानाच ठरव की रिकामे शिंपले परत घेणार. हसतील. हसू देत. जो टेम्पो माल नेतो तो रिकामा परत येतोच ना? आल्यावर उन्हात चांगले महिना-दोन महिने वाळव, मग मधोमध भोक पाडून दोरीत ओव. एका दोरीत पाच-सहा, मध्ये वीतभर अंतर. खाडीतल्या बांबूच्या मांडवाला टांग, म्हणजे पिल्लं त्यांवर येऊन बसतील. हे माझं शोधलेलं नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तुतिकोरिनला १९७०च्या दशकात यावर काम केलं, पुढे केरळात अष्टमुडी तलावात बायकांचे गट त्यावर उभे राहिले. आपल्याकडे २०१७ पासून कांदळवन (खारफुटी) जपण्याच्या सरकारी योजनेत गटांना मदत मिळते. पण एकट्याने जाऊ नकोस, गट करून जा. खाडी कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. एकट्याचा मांडव लोकांच्या डोळ्यांत येतो आणि रात्रीत दोऱ्या कापल्या जातात. मी पाहिलंय.

दोऱ्या कधी सोडायच्या, हे कुठल्याही कागदावर नसतं. लवकर सोडल्यास तर शिंपल्यांवर गाळ बसतो, नाही तर भलतेच जीव येऊन जागा धरतात. उशीर केलास तर पिल्लं निघून गेलेली. दर पंधरवड्याला दोन-दोन शिंपले नमुन्याला टांगून बघ आणि तारखेसह वहीत लिही. मोबाइलमध्ये नको, वहीत. मोबाइल खाडीत पडतो. बसल्यापासून सात-आठ महिन्यांत कालव काढण्याजोगं होतं, आणि मृगाच्या आत काढून मोकळं झालेलं बरं. खाडीत गोड्या पाण्याचा लोंढा आला की कालव दार लावून बसतं, काही दिवस तग धरतं. लोंढा लांबला तर संपलं. मोठी मोठी थोडी मागे ठेव. कालव लहानपणी बहुतेक नर असतं, मोठं झालं की मादी होतं. सगळी मोठी काढलीस तर अंडी घालायला कोण राहिलं?

गाळावरून आठवलं. तुमच्या घरामागच्या डोंगरावर जेसीबी चाललाय म्हणे, प्लॉटिंगचं. तू लिहिलंयस की त्याचा आपल्याशी काय संबंध. जपानात केसेन्नुमा म्हणून एक खाडी आहे. तिथले शिगेआत्सु हाताकेयामा, कालवांचा धंदा वडिलांकडून आलेला. पाणी बिघडलं, लाल झालं, कालवाचा गरही लाल निघायला लागला. हे गृहस्थ नदीच्या काठाकाठाने वर चढत गेले आणि १९८९ साली वरच्या मुरोने डोंगरावर त्यांनी सोबतच्या कोळ्यांना घेऊन झाडं लावायला घेतली. कोळी डोंगरावर झाडं लावतोय! २०११च्या त्सुनामीत त्यांचे तराफे गेले, आई गेली. पण खाडी सावरली, कालवं परत लागली. मला ही गोष्ट त्या प्रशिक्षणातच पहिल्यांदा कळली आणि तेव्हा वाटलं, आपल्या बायकांनी पावसाळ्यात मातीने लाल झालेलं पाणी बघून बोटं मोडली, वर चढून कुणी गेलं नाही. गाळाने माखलेल्या शिंपल्यावर पिल्लू बसत नाही, हा तो संबंध. ग्रामसभेला जा.

आता कच्च्या कालवांचं. हॉटेलवाले म्हणतात लिंबू पिळून कच्ची देतो. आपल्यात कालव कधी कुणी कच्चं खाल्लेलं मला माहीत नाही. कांदा, आमसूल, ओलं खोबरं, आणि चांगली उकळी. कालव पाणी गाळून पोट भरतं. पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात. वर वस्ती वाढलीय, गटारं खाडीतच येतात. स्वच्छ पाण्यात दिवसभर ठेवलं की वाळू जाते, बरेच जंतूही जातात, सगळे नाही जात. पाण्याची आणि मालाची नेमाने तपासणी होत नाही तोवर पाकिटावर ठळक लिही, शिजवूनच खावे. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

पाठवण्याबद्दल माझीच एक फजिती सांगते. मुंबईच्या एका हॉटेलने पहिल्यांदा अख्खी कालवं मागितली. मी हुशारी केली, थर्माकोलच्या खोक्यात कालवं, वर भरपूर बर्फ, घट्ट चिकटपट्टी, रात्रीच्या गाडीला. बर्फ वितळला, कालवं रात्रभर गोड्या पाण्यात. सकाळी खोकं उघडलं ते त्यांच्या स्वयंपाक्याने नाकाला रुमाल लावून. पैसे तर नाहीच, गाडीभाडंही अंगावर. तेव्हा ओलं गोणपाट घे, कालवाची खोलगट बाजू खाली, सपाट बाजू वर, आतलं खारं पाणी सांडू देऊ नको. बर्फ ठेवायचा तर पिशवीत बांधून, आणि खोक्याच्या बुडाला भोकं. तोंड उघडं पडलेलं कालव टिचकी मारून बघ. मिटत नसेल तर फेक.

हिशेब तू शिकलेला आहेस, तो तुझा तू कर. फक्त एक रकाना राहिलाय. शंभर किलो कालवं फोडलीस तर गर निघतो आठ-दहा किलो, आणि ते फोडायला तुझी आई आणि वहिनी बसणार. त्यांची मजुरी तू कुठेच धरलेली नाहीस. तुझ्या आजीचीही कुणी धरली नव्हती, म्हणून तर तुला हा धंदा फायद्याचा दिसतोय.

कार्तिकी पौर्णिमेला येऊ नकोस, खरं उधाण त्याच्या एक-दोन दिवसांनी. वद्य द्वितीयेला ये. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे तरी आजीने शिकवलं असेल. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडला भरती, साडेसातला पूर्ण सुकती. आपल्याला सहाला पाण्यामागून उतरायला हवं. जाड तळाचे बूट घाल, कालवाची धार चपलेतून जाते. आजीची कोयती तुमच्या माळ्यावर भाताच्या कणगीमागे असायची. मुठीची दोरी कुजली असेल, नवी गुंडाळून आण.

तुझी,
काकी