लायडनला ३ ऑक्टोबरला जा

नेदरलँड्सला पहिल्यांदाच जाताय ना? मग ॲमस्टरडॅमहून रेल्वेने लायडन गाठाच, जमलं तर ३ ऑक्टोबरला. १५७४ साली याच दिवशी शहराला पडलेला स्पॅनिश सैन्याचा वेढा उठला, त्याचाच हा सण. डच बंडखोरांनी बांध फोडून शेतांत पाणी घेतलं होतं, त्यावरून सपाट तळाच्या होड्या शहरात आल्या आणि उपाशी लोकांना हेरिंग मासा आणि पांढरा पाव मिळाला. आजही त्या सकाळी जुन्या वजनघरात तेच वाटतात, पण ते मुख्यतः शहरवासीयांसाठी असतं. तुम्ही हुत्सपॉट मागा: गाजर, कांदा, बटाटा उकडून ठेचलेला, सोबत मांस. शाकाहारी असाल तर आधी विचारा. तारखेला रविवार आला तर सण सोमवारी असतो. गर्दी प्रचंड, खोली लवकर ठरवा. कालवे निवांत बघायचे असतील, तर एखादा दिवस जास्त काढाच.