चौदाव्या वर्षी निवड हुकली, तर रग्बी सोडायची का?

खेळात रमलेल्या मुलांचे पालक समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांचा एक प्रश्न बहुधा ठरलेला असतो: निवड झालीच नाही, तर आणखी वर्षे वाया न घालवता मुलाला अभ्यासाला लावावे का? सिंहगड रस्ता परिसरातील एका जोडप्याने हाच प्रश्न रग्बीच्या संदर्भात विचारला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांचा मुलगा 14 वर्षांचा, नववीत शिकणारा आणि सातवीपासून नेमाने मैदानावर जाणारा होता. वयोगटाच्या निवड चाचणीत तो पहिल्याच फेरीत गळला आणि त्यानंतर घरात जेवणावरून रोज वाद होऊ लागले. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तो सकाळ-संध्याकाळ स्वतःचे वजन लिहीत असे: 41.2, 41.4, पुन्हा 41.2. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने प्रोटीन पावडरही सुरू केली होती. "मी मुळात या खेळासाठी नाहीच ना?" हे त्याचे माझ्याशी पहिले वाक्य.

त्याचा जन्म डिसेंबरचा आहे, हे मला महत्त्वाचे वाटले. वयोगट 1 जानेवारीपासून मोजला जात असेल, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही त्याच गटात खेळतो. शिवाय एकाच वयाच्या दोन मुलांच्या शारीरिक वाढीत दोन-तीन वर्षांचे अंतर सहज असू शकते. कॅनडातील आइस हॉकीच्या अभ्यासामुळे 1980 च्या दशकात जन्ममहिन्याच्या या परिणामाकडे लक्ष वेधले गेले आणि पुढे अनेक खेळांत तेच दिसून आले. रग्बीत शरीरावर शरीर आदळते, त्यामुळे तेथे हा फरक अधिक ठळक होतो. ब्रिटनमधील रग्बी अकादमींच्या अभ्यासात मात्र याची दुसरी बाजूही आढळली: प्रवेशाच्या वेळी वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांचे प्रमाण जास्त होते, पण अकादमीतून व्यावसायिक संघापर्यंत पोहोचण्यात उशिरा जन्मलेली मुले तुलनेने पुढे निघाली. थोराड मुलांमध्ये टिकून राहायचे, तर पास, वेग आणि अंदाज यांवर मेहनत घ्यावीच लागते, हे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते आणि मला ते पटते. याउलट तेराव्या वर्षी सगळ्यांना धडकून पुढे जाणाऱ्या मुलाला पास देण्याची गरजच पडत नाही. सतराव्या वर्षी इतर मुले त्याच्या बरोबरीला आली की तो अडचणीत येतो. अशी मुलेही माझ्याकडे येतात आणि त्यांचे दुःख कमी नसते.

आईने मोबाईलवर स्वयंपाकघराच्या चौकटीचा फोटो दाखवला. दर पाडव्याला तिथे पेन्सिलने मुलाच्या उंचीची खूण केली जाते. शेवटच्या दोन खुणांमध्ये अंतर होते 5 सेंटिमीटर. वाढीच्या ऐन वेगात मुलांची उंची वर्षाला सरासरी 9 ते 10 सेंटिमीटर वाढते, म्हणजे याची खरी वाढ अजून सुरू व्हायची होती. "मीसुद्धा अकरावीत उंच झालो, मॅडम," असे वडील त्यावर आपणहून म्हणाले. तरीही मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. डॉक्टरांनी वाढ निरोगी पण उशिराची असल्याचे सांगून पावडर बंद केली.

उशिरा वाढणारी पुष्कळ मुले शरीराने साथ देण्याआधीच मैदान सोडून जातात, याची मला मनापासून खंत वाटते.

मुलाशी बोलताना मी त्याला चाचणीचा सामना क्रमाने सांगायला लावले. एका दांडग्या खेळाडूने त्याला टॅकलमध्ये, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडण्याच्या झटापटीत, उडवले, तेवढेच त्याच्या मनात राहिले होते. त्यानंतरच्याच चेंडूवर त्याने उजवीकडे दिलेल्या पासवर ट्राय झाली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळाले, हे बऱ्याच वेळाने आठवले. मग "मला का घेतले नाही?" याऐवजी "पुढच्या सहा महिन्यांत मी काय सुधारू?" असे त्याने प्रशिक्षकांना विचारावे, असे आम्ही ठरवले. उत्तर नेमके मिळाले: डावीकडचा पास तोकडा पडतो, आणि टॅकल करताना तो मान खाली घालतो. नजर वर ठेवून डोके चेंडूवाल्याच्या पुढे न आणता मागच्या बाजूला ठेवायला त्याने शिकले पाहिजे, कारण तिथे चूक झाली तर इजा होते. वजनाचा उल्लेखही नव्हता. या उत्तराने मुलाला जो धीर आला, तो माझ्या कोणत्याही समजुतीने आला नसता.

वडिलांना भवितव्याची काळजी होती आणि ती रास्त आहे. सात खेळाडूंची रग्बी 2016 पासून ऑलिंपिकमध्ये आहे, जून 2025 मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगही झाली. तरीही आपल्याकडे या खेळावर पोट भरणारे मोजकेच आहेत, त्यामुळे त्या हिशेबाने चौदाव्या वर्षी निर्णय घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगितले. दहावीसाठी खेळ पूर्ण बंद करण्याची गरज नाही; मात्र आठवड्याच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून अधिक नसावेत, हा क्रीडावैद्यकातील संकेत पाळावा.

वजनाची नोंद त्याने थांबवली आहे. यंदा सराव आठवड्यातून तीन दिवस चालतो, संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये वडील त्याच्याकडून डावीकडचे पास करून घेतात आणि पुढच्या चाचणीला जायचे की नाही, हे तो परीक्षेनंतर प्रशिक्षकांशी बोलून ठरवणार आहे.