लुथरन दोन्हीकडे, मग एका चर्चवर इंद्रधनुषी झेंडा आणि दुसऱ्यात विरोध कसा?

तुमचा मुलगा मिनेसोटात शिकतो. त्याच्या घराजवळच्या दोन लुथरन चर्चपैकी एकावर समलिंगी लोकांच्या स्वागताचा इंद्रधनुषी झेंडा आहे, दुसऱ्यात समलिंगी संबंध पाप आहेत असं शिकवतात. पंथ एक, बायबल एक, मग हे कसं, असा तुमचा प्रश्न. मी स्वतः लुथरन नाही, नगरकडच्या मंडळीत (म्हणजे स्थानिक चर्चमध्ये) वाढलेला प्रोटेस्टंट आहे. पण मिनेसोटात राहून या भांडणाबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून पुष्कळ ऐकलंय, म्हणून लिहितो.

लुथरन म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर याचे अनुयायी, पण ती एक संस्था नव्हे. अमेरिकेतली सर्वांत मोठी संस्था ईएलसीए (इव्हॅन्जेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका). तीन संस्था एकत्र येऊन तिचा कारभार 1988 मध्ये सुरू झाला. दुसरी मिझुरी सिनड, जुन्या वळणाची. तिथे स्त्रियांनाही पाळक (पास्टर) होता येत नाही. झेंडा लावणारं चर्च बहुधा ईएलसीएचं असणार. मिझुरीवाल्यांची भूमिका या बाबतीत कधी हललीच नाही. खरं भांडण ईएलसीएच्या घरातलं.

तिथला जुना नियम असा: समलिंगी व्यक्ती पाळक होऊ शकते, पण तिने ब्रह्मचर्य पाळायचं. गंमत बघा, लूथर स्वतः संन्यासी होता आणि 1525 मध्ये त्याने मठ सोडून आलेल्या कॅथरिना फॉन बोराशी लग्न केलं. पाळकांवर ब्रह्मचर्य लादू नये, हा तर त्याचाच आग्रह. त्याच्याच अनुयायांनी ते काही जणांवर लादावं, हे अनेकांना खटकायचं. 1990 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन मंडळ्यांनी नियम झुगारून दोन समलिंगी स्त्रिया आणि एका समलिंगी पुरुषाला पाळकपदाची दीक्षा दिली. त्या मंडळ्या आधी निलंबित झाल्या आणि 1995 च्या अखेरीस बाहेर काढल्या गेल्या. 1993 मध्ये बिशपांनी जाहीर केलं की समलिंगी जोडप्यांच्या आशीर्वादाच्या अधिकृत विधीला शास्त्रात किंवा परंपरेत आधार सापडत नाही. तरी जोडप्यासाठी प्रार्थना करायची की नाही, हे बरेच पाळक आपल्या पातळीवर ठरवत राहिले.

मग ऑगस्ट 2009, मिनिआपोलिसचं अधिवेशन. लैंगिकतेविषयीचं निवेदन संमत व्हायला दोन तृतीयांश मतं हवी होती. बाजूने पडली 676, विरोधात 338. म्हणजे बरोब्बर दोन तृतीयांश; त्यातलं एक जरी तिकडे गेलं असतं तर ठराव पडला असता. त्याच दिवशी शहरात चक्रीवादळ घुसलं आणि अधिवेशनस्थळाला लागून असलेल्या लुथरन चर्चच्या मनोऱ्याची मोडतोड झाली. जॉन पायपर या तिथल्या नामांकित बॅप्टिस्ट पाळकाने हा देवाचा इशारा असल्याचं लिहिलं. (असे अर्थ लावणारे आपल्याकडेही कमी नाहीत.) दोन दिवसांनी 559 विरुद्ध 451 मतांनी पाळकांचा नियम बदलला: आजन्म, एकनिष्ठ आणि मंडळीला उत्तरदायी अशा समलिंगी नात्यात असणाऱ्यांनाही पाळक होता येईल.

मला सगळ्यात लक्षणीय वाटतं ते त्या निवेदनातलं पुढचं कलम. या प्रश्नावर आपल्यात एकमत नाही, हे त्यांनी कागदावरच मान्य केलं. पूर्ण विरोधापासून पूर्ण स्वीकारापर्यंत चार भूमिका नोंदवल्या आणि म्हटलं की प्रत्येकाने आपल्या विवेकबुद्धीशी प्रामाणिक राहावं आणि दुसऱ्याच्या विवेकबुद्धीचाही मान ठेवावा. यामागे 1521 ची जर्मनीतल्या वर्म्स शहरातली राजसभा आहे, जिथे लूथरने आपला विवेक देवाच्या वचनाला बांधलेला आहे असं सम्राटापुढे सांगितलं. परंपरावाद्यांचा आक्षेप इथेच होता, आणि तो मला पोकळ वाटत नाही. लूथरचा विवेक वचनाला बांधलेला होता, तुमचा कशाला, असं ते विचारत. पापाला पाप म्हटलं नाही तर पश्चात्ताप कशाचा आणि क्षमा कशाची? दुसरी बाजू म्हणे, लुथरनांच्या मूळ श्रद्धापत्रकाप्रमाणे, म्हणजे 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीप्रमाणे, सुवार्ता आणि संस्कार यांवर एकमत असलं की चर्चच्या ऐक्याला तेवढं पुरतं. लग्नाचे नियम त्यात येत नाहीत. मी स्वतः या दुसऱ्या बाजूला झुकतो. पण बायबल एकच असून भांडण का, याचं उत्तर इथे आहे: अमुक वचनाचा अर्थ काय यापेक्षा, हा मतभेद पोटात घेऊन एकत्र राहता येईल इतका लहान आहे का, यावर ते अडले.

ईएलसीएतून बाहेर पडायचं तर मंडळीने दोनदा मतदान करायचं, मधे किमान 90 दिवस आणि दोन्ही वेळा दोन तृतीयांश. त्यामुळे फूट वरून खाली आली नाही, गावोगाव पडली. माझ्या एका सहकाऱ्याच्या गावी पहिल्याच मतदानात काही मतं कमी पडली. हरलेले, म्हणजे खरं तर बहुमतवाले, तरीही उठून गेले आणि शाळेच्या हॉलमध्ये उपासना करू लागले. त्याचे वडील 2009 च्या ठरावाच्या विरोधात होते, पण जुन्या चर्चमध्येच राहिले, कारण आईवडिलांच्या कबरी तिथल्या आवारात आहेत. असं करत काहीशे मंडळ्या गेल्या. काही 2001 पासून असलेल्या एलसीएमसी या लुथरन संघटनेत, काही 2010 मध्ये ओहायोत स्थापन झालेल्या एनएएलसी (नॉर्थ अमेरिकन लुथरन चर्च) या संस्थेत. ईएलसीएची सदस्यसंख्या तेव्हा 46 लाखांच्या आसपास होती, आज 30 लाखांच्या खाली आहे. मात्र ती सगळी गळती या ठरावाच्या माथी मारता येणार नाही, चर्चला जाणारेच कमी झालेत.

अमेरिकेबाहेर तर आणखी ताण. स्वीडनच्या चर्चने ऑक्टोबर 2009 मध्ये समलिंगी विवाहच मान्य केले. इथिओपियाचं मेकाने येसूस चर्च ज्या मिशनांतून उभं राहिलं त्यांत स्वीडिश मिशन प्रमुख. त्या चर्चने 2013 मध्ये स्वीडनच्या चर्चशी आणि ईएलसीएशी संबंध तोडले. आपल्या शेजारच्या छिंदवाड्याकडचं लुथरन चर्चही स्वीडिश मिशनऱ्यांच्याच कामातून उभं राहिलं.

2022 च्या कोलंबस अधिवेशनात ईएलसीएने त्या चार भूमिकांच्या कलमाचाच फेरविचार करायचं ठरवलं. सगळ्यांना जागा देणारी ही व्यवस्था समलिंगी सदस्यांवर अन्याय करते, असं आता तरुण पाळक म्हणतात.

मुलाला एवढंच सांगा की पाटीवर नुसतं 'लुथरन' वाचून थांबू नकोस, खाली संस्था कोणती ते बघ. ईएलसीए असली तरी मंडळीगणिक फरक असतो. 'रिकन्साइलिंग इन ख्राइस्ट' असं लिहिलेलं असेल तर त्या मंडळीने समलिंगी लोकांचं उघड स्वागत करायचं ठरवलेलं आहे. तसं काही नसेल तर उपासनेनंतर कॉफीच्या वेळी पाळकांना सरळ विचारावं, ते सांगतात.