बाजार थंड, लॅपटॉप गरम

यावेळी लॅपटॉपचेच प्रश्न जास्त आलेत आणि सगळ्यांचा सूर एकच, दिवस मंदीचे आहेत, महागातलं घ्यावं की नाही. तीन प्रश्न घेतलेत, पहिल्याला जरा जास्त जागा दिलीये कारण त्यात बाकीच्यांचीही उत्तरं आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी ठाण्याला राहतो, व्हिडिओ एडिटिंग करतो. अंधेरीला एका एजन्सीत होतो, तिथे माणसं कमी केली त्यात माझाही नंबर लागला, आता फ्रीलान्स करतोय. जुना लॅपटॉप एक्सपोर्टला (एडिट झालेल्या व्हिडिओची फाइल बनवायला) लावला की तापतो आणि मधेच बंद पडतो. मॅकबुक एअर घ्यावं म्हणतोय, लाखभर जातील. बायको म्हणते कामाचं नक्की होईपर्यंत गप्प बसा. कोणाचं बरोबर?

उत्तर : वहिनींचं, पण अर्धंच. पैसे अडकवू नका हे त्यांचं म्हणणं खरंय, फक्त ज्या मशीनवर घर चालतं तेच मधे बंद पडत असेल तर गप्प बसूनही भागणार नाही, क्लायंटला डेडलाइन कळते, तुमच्या लॅपटॉपचा ताप नाही.

आधी महागाचा हिशोब मांडू. अ‍ॅपलच्या एम४ चिपचं मॅकबुक एअर मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे ९९,९०० ला आलं, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज. पाच वर्षं वापरून समजा ३० हजारांना विकलं तर महिन्याला पडले साधारण ११६५ रुपये. ६० हजारांचा विंडोज लॅपटॉप चार वर्षांत दमला आणि ९ हजारांना गेला तर महिन्याला १०६० च्या आसपास. विकताना काय येईल हा माझा अंदाज, तुम्ही तुमचा धरा, पण फरक महिन्याला शंभरेक रुपयांचा आहे, म्हणजे स्टेशनवरच्या चार-पाच वडापावांचा. तेव्हा महाग म्हणजे उधळपट्टी असं मी तरी म्हणणार नाही. पण हा हिशोब ज्याच्याकडे लाख रुपये आज मोकळे पडलेत त्याचा. तुमचा लाख म्हणजे घराचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलं असतील तर त्यांची फी. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून वर लाख उरत असतील तर बिनधास्त घ्या, नसतील तर पुढे वाचा.

कुणीतरी तुम्हाला सांगेलच की २००८ च्या मंदीतही अ‍ॅपलचे मॅक कॉम्प्युटर विकले गेले. खरंय ते. लेहमन ही अमेरिकेतली मोठी बँक बुडाली आणि सव्वा महिन्यात अ‍ॅपलचा स्टीव्ह जॉब्स गुंतवणूकदारांना सांगत होता की ५०० डॉलरमध्ये भंगार नसलेला कॉम्प्युटर बनवणं आम्हाला जमत नाही, तेव्हा आसुसच्या ई पीसीसारख्या चिमुकल्या स्वस्त लॅपटॉपांची, म्हणजे नेटबुकांची, चलती होती, त्यातल्या पहिल्याची स्क्रीन तर सात इंची. अ‍ॅपलच्या आर्थिक वर्ष २००८ मध्ये ९७ लाख मॅक विकले गेले होते, पुढच्या वर्षी, ऐन मंदीत, १ कोटी ४ लाख, आणि नेटबुक काही वर्षांत बाजारातून गेले ते गेलेच. पण माझ्या मते यातून एवढंच निघतं की ज्यांचे पगार चालू राहिले त्यांनी चांगली वस्तू घेतली. ज्याचा पगार थांबलाय त्याने काय करावं हे त्या आकड्यात नाही.

तर तुम्ही काय करायचं. एक्सपोर्टला मधेच बंद पडणं हे पुष्कळदा आतल्या धुळीने आणि सुकलेल्या थर्मल पेस्टने (प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारा लेप) होतं, म्हणजे मशीन गरम होऊन स्वतःला वाचवायला बंद पडतं. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा, फॅन साफ करा, पेस्ट बदला, हार्डडिस्क जुनी फिरणारी असेल तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका, आणि हे समोर बसून करून घ्या, ठेवून येऊ नका. नव्याच्या मानाने किरकोळ खर्च आहे. फोरकेसारखं जड फुटेज असेल तर प्रॉक्सी, म्हणजे त्याच्या हलक्या कॉपी, बनवून एडिट करा, एक्सपोर्ट रात्री लावून झोपा. मोठं काम आलंच तर तेवढ्या महिन्यापुरतं मशीन भाड्याने घ्या आणि ते भाडं कोटेशनमध्ये धरा, अजिबात लाजू नका, कॅमेऱ्याचं भाडं लावतो तसंच हे.

एवढं करूनही नाहीच जमलं तर एम१ किंवा एम२ चिपचं सेकंडहँड मॅकबुक बघा, पण १६ जीबीवालं, कारण रॅम आत कायमची बसवलेली असते, नंतर वाढत नाही. इंटेलवालं मॅक कितीही स्वस्त मिळालं तरी नको, २०२५ ची टाहो ही इंटेलसाठी शेवटची मॅकओएस, म्हणजे मॅकची ऑपरेटिंग सिस्टीम, आहे. घेताना बॅटरीची सायकल मोजणी बघा (पूर्ण चार्ज किती वेळा वापरून झाला तो आकडा, १००० पर्यंत धरलेला असतो), आणि तिथेच उभं राहून मशीन पूर्ण रिसेट करून पुन्हा सुरू करा. आधीच्या मालकाचा पासवर्ड किंवा एखाद्या कंपनीचं नाव स्क्रीनवर आलं तर नमस्कार करून निघा, असली मशीनं कंपन्यांच्या लॉकसकट बाजारात फिरतात.

आणि नो-कॉस्ट ईएमआयला, म्हणजे बिनव्याजी म्हणून सांगतात त्या हप्त्यांना, भुलू नका. व्याज असतंच, दुकानदार तेवढी सूट देऊन ते झाकतो, पण त्या व्याजावर बँक १८ टक्के जीएसटी लावते तो तुमचाच. ९९,९०० बारा हप्त्यांत, व्याज १५ टक्के धरलं तर हा जीएसटी १४०० च्या आसपास जातो, प्रोसेसिंग फी वेगळी. शिवाय हप्ता दर महिन्याला येणार, काम येवो न येवो. जीएसटी नंबर काढला असेल तर मात्र बिल त्याच नंबरवर घ्या, ९९,९०० मध्ये १५ हजारांवर कर आहे, तो क्रेडिट म्हणून तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊ शकतो, सीएला विचारून घ्या.

प्रश्न : मुलगी आर्किटेक्चरला लागली. म्हणते सगळ्यांकडे मॅकबुक आहे, मलाही तेच हवं. आम्ही वसईला राहतो, यांचं दुकान सध्या थंडच आहे. नाही म्हणायला जीवावर येतं हो.

उत्तर : नाही म्हणा, आणि दुकानाचं नाव न घेता म्हणा. रेविट आणि थ्रीडीएस मॅक्स ही इमारतींचं डिझाइन आणि थ्रीडी मॉडेल करायची सॉफ्टवेअर, दोन्ही फक्त विंडोजवर चालतात, मॅकवर नाहीत, आणि आर्किटेक्चरच्या पोरांना यांची गरज पडतेच. कॉलेजात सेकंड आणि थर्ड इयरच्या मुलांना विचारायला सांगा तुम्ही काय वापरता, ती तुमच्यापेक्षा तिला लवकर पटवतील. वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम असलेला विंडोज लॅपटॉप घ्या. आत्ता आठ घेऊ, नंतर वाढवू असं नको, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी उचलायला लागल्यापासून रॅमचे भाव चढलेत. दोन गोष्टी दुकानात हातात घेऊन बघा, वजन आणि चार्जर. हे लॅपटॉप दोन किलोच्या वर जातात, चार्जर विटेएवढा, आणि ते सगळं पाठीवर घेऊन तिला विरार लोकलमध्ये चढायचंय. अ‍ॅक्सिडेंटल डॅमेजचा प्लॅन मात्र घ्याच, साध्या वॉरंटीत पडलेलं आणि भिजलेलं धरत नाहीत, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय असतं ते मी सांगायला नको.

प्रश्न : मी निवृत्त, गिरगावात राहतो. विंडोज १० बंद झालं म्हणतात, लॅपटॉप तर उत्तम चाललाय. बँक, मेल आणि नातवाशी व्हिडिओ कॉल एवढाच वापर. नवा घ्यावा लागेल का?

उत्तर : काका, आत्ता नको. सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडलंत तर सुरक्षेचे अपडेट वर्षभर वाढवून घ्यायची सोय आहे, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने आत जाऊन सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर फुकट. ते ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालेल. लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल तर विंडोज ११ सुद्धा बहुतेक बसेल. नसेल तर नातवाला सुट्टीत बोलवा आणि लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकून घ्या, मेल, बँक, व्हिडिओ कॉल सगळं ब्राउझरमध्ये होतं. फक्त त्याने हात लावायच्या आधी फोटो पेनड्राइव्हवर काढून ठेवा.