वय ४३, गर्भाशयात ३ सेंमीची गाठ, हिमोग्लोबिन ८. डॉक्टर पिशवी काढा म्हणतात. दुसरा मार्ग आहे का?

आहे, पिशवी लगेच काढायलाच हवी असं नाही. मी स्त्रीरोग विभागात परिचारिका आहे. उपाय ठरतो तो गाठ कुठे आहे यावर, म्हणून सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये एक शब्द शोधा. 'सबम्युकस' म्हणजे गाठ आतल्या पोकळीत आलेली. एवढी गाठ बहुतेक वेळा दुर्बिणीने खालून काढता येते, पोटावर टाका पडत नाही. 'इंट्राम्युरल' म्हणजे भिंतीतली. पोकळीचा आकार बिघडला नसेल तर हार्मोनची कॉपर-टीसारखी कॉइल बसवतात, अंगावरून जाणं बरंच कमी होतं. पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्याही देतात, पण पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल तर त्या चालत नाहीत. 'सबसेरस', म्हणजे बाहेरच्या बाजूची गाठ, सहसा रक्तस्राव वाढवत नाही. तसं लिहिलं असेल तर कारण दुसरीकडे शोधायला सांगा. कोणताही मार्ग घेतलात तरी लोहाचं औषध आजच विचारा, ८ हिमोग्लोबिनवर दिवस काढू नका ताई. मात्र दोन पाळ्यांच्या मध्येही रक्त जात असेल, तर आधी गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, करून घ्या.