रॉकाबिली ड्रमरचं करिअर नेमकं कसं असायचं? एखादं खरं उदाहरण सांगा ना.

रॉकाबिली म्हणजे 1950 च्या दशकातलं कंट्री आणि रॉक अँड रोलचं मिश्रण, आणि माझ्या मते यासाठी डब्ल्यू. एस. 'फ्लूक' हॉलंडसारखं उदाहरण नाही. टेनेसीचा माणूस, 1935 चा जन्म, ड्रम कधी शिकलाच नव्हता, रॉकाबिली गायक कार्ल पर्किन्स आणि त्याचे भाऊ वाजवायचे तेव्हा हा उभ्या बासच्या (माणसाएवढ्या मोठ्या तंतुवाद्याच्या) अंगावर हातांनी ताल धरायचा, ते बघून कार्ल म्हणाला की मेम्फिसला सन स्टुडिओत रेकॉर्डिंगला चल, मग गड्याने उसना ड्रमसेट आणला आणि तिथून सुरुवात!

डिसेंबर 1955 मध्ये कार्लचं 'ब्लू स्वेड शूज' हे गाणं रेकॉर्ड झालं त्यात ड्रम याचेच. गाणं तुफान चाललं, पण मार्च 1956 मध्ये टीव्हीच्या शोसाठी न्यूयॉर्कला जाताना गाडीला भीषण अपघात झाला, कार्ल पाण्यात पालथा पडला होता, त्याला हॉलंडनेच उलटा करून वाचवलं. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला माझ्या.

रॉकाबिलीची लाट तशी लवकर ओसरली. बरेच ड्रमर तिथेच थांबले असतील पण हा 1960 मध्ये कंट्री गायक जॉनी कॅशकडे गेला आणि कॅशने 1997 मध्ये दौरे बंद करेपर्यंत त्याच्याच मागे बसला. कॅशचा कॅलिफोर्नियातल्या फोल्सम तुरुंगातला 1968 चा कार्यक्रम ऐका, ड्रम किती साधे आहेत, उगाच एक ठोका जास्त नाही, पण ते काढले तर गाणं बसतंच खाली. 2020 मध्ये गेला हॉलंड, 85 वर्षांचा होऊन.